प्रभूची प्रार्थना सोमवार ते शनिवार कशी जगावी

प्रभू येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना आपल्या मंडळ्यांमध्ये संडे स्कूलच्या मुलांनाही तोंडपाठ असते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात ती सविस्तर आली आहे, लूकच्या अकराव्या अध्यायात ती थोडी आटोपशीर आहे, आणि सावकाश म्हटली तरी ती मिनिटभराच्या आत पूर्ण होते. पाळक म्हणून घरभेटींना जाताना मला एक प्रश्न अनेकदा विचारला जातो: रविवारच्या उपासनेत मन भरून येते, परंतु सोमवारी दुकानात, शाळेत, रुग्णालयाच्या पाळीत किंवा शेतावर ख्रिस्ती माणूस म्हणून नेमके काय करायचे? माझे उत्तर असे आहे की त्यासाठी निराळी साधना शोधण्याची गरज नाही. या प्रार्थनेत आपण जे जे मागतो, त्यातील प्रत्येक मागणीबरोबर आपल्या वाट्याला एखादे काम येते, आणि ते काम ओळखून करीत जाणे म्हणजेच विश्वास जगणे. ते काम करून आपण देवाची कृपा विकत घेत नाही, हेही आरंभीच सांगितले पाहिजे. प्रार्थनेचा पहिलाच शब्द आपल्याला लेकरू म्हणून बोलू देतो. लेकराला घरात राहण्यासाठी भाडे द्यावे लागत नाही, मात्र घरची कामे त्याच्याही वाट्याला येतात.

पहिली गोष्ट वेळेची. आरंभीच्या मंडळीत ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी अशी शिकवण होती. ‘दिदाखे’ या अतिप्राचीन ख्रिस्ती लेखनाच्या आठव्या अध्यायात तसा स्पष्ट आदेश आहे. हाच क्रम आजही धरता येतो. सकाळी फोन हातात घेण्यापूर्वी, दुपारी जेवणाचा डबा उघडण्यापूर्वी आणि रात्री दिवा मालवण्यापूर्वी ती म्हणावी. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेने किंवा एसटीच्या चालकाने घड्याळाकडे न पाहता आपली पाळी सुरू होताना, मधल्या सुटीत आणि पाळी संपल्यावर म्हणावी. तिन्ही वेळा संपूर्ण प्रार्थना म्हणावी, परंतु विचारासाठी त्या दिवशी एकच ओळ निवडावी आणि दुपारी तसेच रात्री तिच्याकडे परत यावे. सगळ्या ओळींचा विचार एकाच वेळी करू गेल्यास एकाही ओळीतून कृती घडत नाही, असा माझा अनुभव आहे.

ज्या घरांत कौटुंबिक उपासना चालते, तेथे ती पंधरा मिनिटांत आटोपावी. एक लहानसे स्तोत्र, शुभवर्तमानातील एखादा परिच्छेद, एक गायन आणि प्रभूची प्रार्थना एवढे पुरेसे आहे. वाचन मुलांकडे द्यावे आणि त्यावर लांब प्रवचन करू नये. येथे वडीलधाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलांच्या चुका त्यांच्यासमोर देवाला सांगण्याचा प्रकार थांबवावा. “प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे” हे वाक्य ज्या सुरात उच्चारले जाते, तो सूर मुलांना बरोबर कळतो, आणि मग उपासनेची वेळ त्यांना दरबारात उभे राहिल्यासारखी वाटू लागते. मुलाशी जे बोलायचे असेल ते मुलाशीच बोलावे.

आमच्या स्वर्गातील पित्या

या प्रार्थनेत ‘माझा’ हा शब्द कोठेही नाही. एकांतात, दार बंद करून प्रार्थना करणारा माणूसदेखील ‘आमच्या’ पित्याला हाक मारतो, आणि त्यामुळे त्याच पित्याला हाक मारणारे सर्वजण त्याचे भाऊबहीण ठरतात. महाराष्ट्रातील मंडळीसाठी ही गोष्ट आजही जड जाते, हे मान्य केले पाहिजे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), जालना आणि सोलापूर या भागांतील मंडळ्यांचा मोठा भाग महार आणि मांग समाजांतून आलेल्या कुटुंबांनी उभा केला. काही कुटुंबे ब्राह्मण आणि इतर जातींतूनही आली. एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणारे हे लोक मुलामुलींचे विवाह ठरवताना मात्र हळूच मूळ कोणते, हे विचारतात. ब्राह्मण घरातून आलेले कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधल्या काळात त्या माउलीने सोवळे-ओवळे एकेक पाऊल टाकत सोडले, आणि ते सोडताना मनाची किती ओढाताण झाली हे त्यांनी आपल्या आठवणींत मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. त्यांनी एवढ्या कष्टाने जे टाकले, ते आपण स्थळे पाहताना पुन्हा उचलून घेऊ नये.

या ओळीची कृती घरापासून सुरू करता येते. घरकामाला येणाऱ्या बाईंसाठी वेगळा कप आणि वेगळी ताटली असेल, तर ती आजच काढून टाकावी आणि चहा एकाच भांड्यातून सर्वांना द्यावा. स्थळाच्या माहितीपत्रावरून पूर्वाश्रमीच्या जातीचा उल्लेख गाळावा आणि समोरच्यांनी विचारल्यास “आमच्याकडे ही चौकशी होत नाही” असे शांतपणे सांगावे. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगली जागा आणि मळकट कपड्यांतील गरिबाला पायांपाशी जागा देणाऱ्या मंडळीची कानउघाडणी केली आहे. पंचांनी हा अध्याय वर्षातून एकदा तरी बैठकीत मोठ्याने वाचावा, आणि मंडळीच्या जेवणाच्या पंक्तीत, नाताळच्या कार्यक्रमात, व्यासपीठावरच्या खुर्च्यांमध्ये आपण काय करतो ते त्यापुढे ठेवून पाहावे.

देवाचे नाव पवित्र मानले जावो, ही मागणी आपल्या वागणुकीवर थेट येऊन पडते, कारण ज्या गल्लीत किंवा कार्यालयात ख्रिस्ती कुटुंब एखादेच असते, तेथे त्याच्या वागण्यावरूनच लोक येशूविषयी मत बनवतात. खोटे वैद्यकीय बिल जोडू नये, हजेरीपटावर दुसऱ्याची सही करू नये, आणि गिऱ्हाईकाला पटवण्यासाठी देवाची शपथ घेऊ नये. ‘होय’ म्हणजे होय आणि ‘नाही’ म्हणजे नाही, एवढेच प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. त्याच्या राज्याची मागणी करणाऱ्यांनी मंडळीच्या निवडणुकीत गट करून एकमेकांची अब्रू काढू नये. याविषयी अधिक लिहीत नाही, कारण ज्यांना हे लागू होते त्यांना ते ठाऊक आहे.

आमची रोजची भाकर आज आम्हांस दे

निर्गमच्या सोळाव्या अध्यायात अरण्यातील इस्राएली लोकांना देवाकडून मान्ना हा रोजचा आहार मिळतो, आणि त्याचे नियम लक्ष देऊन वाचण्यासारखे आहेत. प्रत्येकाने त्या दिवसाच्या गरजेपुरता गोळा करायचा, दुसऱ्या दिवसासाठी साठवलेला नासून जायचा, सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचा, म्हणजे शब्बाथाच्या दिवशी विसावा घेता येईल. ज्याने पुष्कळ गोळा केला त्याला जास्त झाला नाही आणि ज्याने थोडा गोळा केला त्याला कमी पडला नाही. पौलाने करिंथ येथील मंडळीला दुसऱ्या पत्रात गरिबांसाठी वर्गणी मागताना नेमके हेच वचन पुढे केले. रोजच्या भाकरीची प्रार्थना या परंपरेतून आली आहे, आणि म्हणूनच तिच्यात आपल्या ताटाबरोबर शेजाऱ्याचे ताटही येते. मार्टिन ल्यूथरने 1529 साली लिहिलेल्या लहान प्रश्नोत्तरीत या ओळीचा अर्थ सांगताना अन्नवस्त्राबरोबर घर, शेत, गुरेढोरे, चांगले राज्यकर्ते, वेळेवर पाऊसपाणी आणि विश्वासू शेजारी या सगळ्यांची गणना रोजच्या भाकरीत केली आहे.

पंडिता रमाबाईंनी ही ओळ कशी जगली, ते केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये गेल्यावर कळते. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुली आणि विधवांना आणले, आणि त्यांना केवळ अन्नछत्रावर न ठेवता शेती, विणकाम, तेलघाणा आणि छापखान्याची कामे शिकवली. रमाबाई प्रार्थनेत किती वेळ घालवीत, याच्या कथा आपण आवडीने सांगतो. त्या प्रार्थनेला विहीर, शेत आणि छापखाना जोडलेले होते, हेही तितक्याच आवडीने सांगितले पाहिजे.

आता आपल्या घरात काय करायचे? सर्वांत आधी आपल्याकडून कोणाची भाकर अडली आहे का, ते पाहावे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, असे लेवीय एकोणिसाव्या अध्यायात सांगितले आहे. अनुवाद या पुस्तकात त्याचे कारणही दिले आहे की तो गरीब आहे आणि त्याचे मन त्या मजुरीकडे लागलेले असते. याकोब तर म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती आरोळी सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते. म्हणून घरकाम करणाऱ्या बाईंचा पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, न मागता द्यावा. आपण दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत गावी गेलो म्हणून त्यांचे दिवस कापू नयेत, कारण काम बंद आपण केले, त्यांनी नाही. आठवड्यातून एक हक्काची सुटी आणि आजारपणाची रजा पगारासह ठरवून द्यावी. शेतावर खुरपणी किंवा कापणी करणाऱ्यांचा हिशोब त्याच संध्याकाळी करावा. बागायतदार मंडळींनी ऊसतोडीच्या टोळीचा हिशोब मुकादमाशी झाला म्हणजे आपली जबाबदारी संपली असे मानू नये; आपल्या फडात काम करणाऱ्यांना प्यायचे पाणी, सावली आणि गरोदर बाईला विसावा मिळतो की नाही, हे स्वतः जाऊन पाहावे. जो दुकानदार आहे त्याने आपला तराजू तपासून घ्यावा. खोटा तराजू परमेश्वराला वीट आणतो, हे नीतिसूत्रांतील वचन भिंतीवर लावण्यापूर्वी वजने तपासलेली असावीत.

त्यानंतर देण्याचा विचार करावा. दशांश बाजूला काढणाऱ्यांनी तो महिन्याच्या आरंभी काढावा, शेवटी उरलेल्यातून नव्हे. परंतु दुसऱ्याचे देणे थकवून देवळात दशांश टाकू नये, कारण तो पैसा आपला नसतो. ज्यांची मिळकत तुटपुंजी आहे त्यांच्यासाठी मिझोरममधील मंडळ्यांची एक रीत मला फार मोलाची वाटते. तेथील घरांत प्रत्येक वेळी भात शिजवण्यापूर्वी मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवतात आणि साठलेले तांदूळ मंडळीला देतात. आपल्याकडे हीच रीत ज्वारी, बाजरी किंवा तांदूळ घेऊन चालवता येईल. स्वयंपाकघरात झाकणाचा डबा ठेवावा, मूठ घरातील लहानग्याला घालू द्यावी, आणि महिनाअखेर तो डबा ज्या घरी चूल पेटण्याची पंचाईत आहे तेथे गाजावाजा न करता पोहोचवावा. त्याचे छायाचित्र काढू नये. डाव्या हाताला कळू न देता उजव्या हाताने देण्याची आज्ञा प्रभूने या प्रार्थनेच्या अगदी थोडे आधी, त्याच अध्यायात दिली आहे.

‘आज’ या शब्दाकडेही लक्ष द्यावे. लग्न, बारसे किंवा बाप्तिस्म्याच्या जेवणावळीसाठी व्याजाने पैसे उचलून पुढची कित्येक वर्षे भाकर गहाण टाकणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. अशा वेळी मंडळीने ‘लोक काय म्हणतील’ याचा भार हलका केला पाहिजे. ज्याची ऐपत आहे त्याने मुद्दाम साधे लग्न करावे, म्हणजे ज्याची ऐपत नाही त्याला साधेपणाची लाज वाटणार नाही.

जशी आम्ही आपल्या ऋण्यांस सूट दिली आहे

या सगळ्या प्रार्थनेत प्रभूने एकाच मागणीवर पुढे आणखी भाष्य केले, आणि ती मागणी क्षमेची आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय दासाचा दाखला तिच्याबरोबर वाचावा. त्या दासावर राजाचे दहा हजार तालांतांचे कर्ज होते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती. म्हणजे ते कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके, वर्षाला तीनशे दिवस राबले तरी दोन लाख वर्षांत न फिटणारे होते. त्याच्या सोबत्याकडे त्याचे येणे होते शंभर दीनार. प्रवचनांत आपण या शंभर दीनारांना क्षुल्लक म्हणून मोकळे होतो, पण मजुराच्या घरात चार महिन्यांची कमाई क्षुल्लक नसते. प्रभूने मुद्दाम लहान न वाटणारा आकडा घेतला, असे मला वाटते. आपल्याला झालेली जखम खरी आहे, तिची किंमत मोजता येते, आणि तरीही तिच्याहून कितीतरी मोठी सूट आपल्याला मिळालेली आहे, असे तो सांगतो. म्हणून दुखावलेल्या माणसाला “एवढे काय त्यात” असे कधीही म्हणू नये.

क्षमा करायला बसावे तेव्हा कागद घ्यावा आणि काय घडले ते साध्या शब्दांत लिहावे: कोणी काय केले, त्याने आपले काय गेले. पैसा गेला, विश्वास गेला की चारचौघांत मान गेला, ते नेमके लिहिल्याशिवाय आपण काय सोडतो आहोत ते कळत नाही. मग तो कागद देवासमोर वाचावा आणि सूड घेण्याचा हक्क सोडल्याचे मोठ्याने बोलावे. राग दुसऱ्या दिवशी परत येईल. तेव्हा क्षमा खोटी ठरली असे समजू नये, तेच वाक्य पुन्हा म्हणावे. त्यानंतर त्याच अध्यायातील पंधराव्या वचनाप्रमाणे त्या माणसाला एकट्याने, एकांतात भेटावे. आपल्याकडे नेमके उलटे होते: आधी नातेवाइकांना कळते, मग महिला मंडळाला, मग पाळकांना, आणि ज्याने चूक केली त्याच्या कानावर ती सर्वांत शेवटी जाते. एकांतातील भेटीने काम झाले नाही तर एकदोन समजूतदार माणसांना बरोबर न्यावे, आणि त्यानंतरच मंडळीपुढे विषय आणावा. जमिनीच्या वाटणीचे तंटे या मार्गाने पुष्कळदा सुटतात. जेथे सुटत नाहीत तेथे आपला कायदेशीर हिस्सा मागणे हे क्षमेच्या विरुद्ध नाही. विशेषतः बहिणींना ‘क्षमाशील’ राहण्याचा उपदेश करून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याचा जो प्रकार चालतो, त्याला पवित्र शास्त्राचा आधार देऊ नये.

एका ठिकाणी मला अगदी स्पष्ट बोलले पाहिजे. नवरा मारहाण करीत असेल, तर पत्नीने क्षमेच्या नावाखाली त्या घरात मार खात राहावे असे प्रभूने कोठेही सांगितलेले नाही. तिने प्रथम स्वतःला आणि मुलांना सुरक्षित ठिकाणी न्यावे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला राहत्या घराचा आणि संरक्षणाचा हक्क दिला आहे. 181 ही महिलांची मदतवाहिनी आणि तातडीच्या प्रसंगी 112 हा क्रमांक तिच्याजवळ असावा. मंडळीतील वडिलांनी समेटाची घाई करू नये. पश्चात्तापाची फळे दिसायला काळ लागतो, आणि ती दिसेपर्यंत त्या स्त्रीच्या बाजूने उभे राहणे हे मंडळीचे कर्तव्य आहे.

ऋणी आपणच असू, तेव्हा क्षमा मागताना वाक्यात ‘पण’ येऊ देऊ नये. “माझे चुकले, पण तूही बोललास” ही क्षमायाचना नव्हे. चूक नावाने सांगावी, झालेले नुकसान भरून द्यावे, आणि समोरच्याने लगेच क्षमा करावी असा आग्रह धरू नये. जकातदार जक्कयाने लोकांकडून अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचा शब्द दिला, त्यानंतर प्रभू म्हणाला की आज या घराला तारण प्राप्त झाले आहे. वेदीवर अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवल्यास अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करण्याची आज्ञा आहे. म्हणून प्रभुभोजनाच्या रविवारापूर्वीचा शनिवार या कामासाठी मोकळा ठेवावा.

परीक्षेत आणू नकोस

ही मागणी करणाऱ्याने आपली परीक्षा कोठे होते ते आधी ओळखावे आणि तेथे जाण्याचा रस्ता बदलावा. ज्याला दारू सुटत नाही त्याने पगाराच्या दिवशी एकट्याने घरी येऊ नये, आणि लाज न बाळगता व्यसनमुक्ती केंद्राची मदत घ्यावी; वैद्यकीय उपचार घेणे हा विश्वासाचा कमीपणा नाही. ज्याला मोबाइलवरील जुगाराच्या खेळांची ओढ आहे त्याने पैशांचे व्यवहार काही काळ पत्नीच्या किंवा भावाच्या हाती द्यावेत. प्रार्थनागटांत दुसऱ्याची खासगी गोष्ट ‘प्रार्थनाविनंती’ म्हणून पसरवण्याचा मोह अनेकांना होतो. ज्याची गोष्ट आहे त्याची परवानगी घेतल्याशिवाय नाव आणि तपशील सांगू नयेत, “एका कुटुंबासाठी प्रार्थना करावी” एवढे देवाला पुरते.

काही दिवस असे येतात की यातील एकही ओळ तोंडातून निघत नाही. मूल गेलेले असते, निदान ऐकून माणूस सुन्न झालेला असतो, किंवा मनाला महिनोन्‌महिने ग्लानी आलेली असते. त्या माणसाला प्रार्थना म्हणण्याचा आग्रह करू नये. जवळच्या एकाने त्याच्याशेजारी बसून ती हळू आवाजात म्हणावी, त्याने फक्त ऐकावी. ऐकणेही नकोसे झाले तर आपल्या घरी त्याच्या वतीने म्हणावी. ग्लानी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप आणि भूक गेली, किंवा जगण्यात अर्थ नाही असे तो बोलू लागला, तर त्याच दिवशी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जावे, त्याच्याबरोबर जावे, आणि घरी परतल्यावर जेवणाचा डबा पोहोचवण्याच्या पाळ्या मंडळीने आपसात लावून घ्याव्यात.